मुक्या माराची नोंद

पडल्या-आपटल्या माणसाच्या अंगावर कुठे रक्त दिसलं नाही, की आपल्याकडे म्हणतात, ‘मुका मार हाय.’ फार नेमका शब्द आहे हा. कातडी शाबूत असते, आत काहीतरी दुखावलेलं असतं आणि ते बोलत नाही, म्हणून मुका. गावातली जाणती माणसं उघड्या जखमेपेक्षा मुक्या माराला जास्त भितात आणि ते बरोबरच आहे. बैलाची धडक पोटावर बसली किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून माणूस खाली आला, तर तो उठतो, चालत घरी येतो, चहासुद्धा पितो. प्लीहा फाटलेली असेल तर पोटात हळूहळू रक्त साचत राहतं आणि रात्री तो पांढराफटक पडतो. म्हणून डॉक्टर सांगतात, वरून काही दिसत नसलं तरी लक्ष ठेवा, नाडी बघा, पोट कडक होतंय का ते बघा.

शरीराच्या बाबतीत एवढी समज आपल्या भाषेत मुरलेली आहे. मनाच्या माराला तर आपल्याकडे शब्दांचा तोटाच नाही. तिनं धसका घेतला, त्यानं हाय खाल्ली, पोराला धास्ती बसली. पण ‘लक्ष ठेवा’ ही सूचना इथे कुणी देत नाही. धसका घेतलेल्याला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगितलं जातं. मुका मार लागलेल्याला ‘पोट घट्ट कर’ असं कुणी म्हणत नाही.

महामार्गांवरच्या सरकारी रुग्णालयांवर आता ‘ट्रॉमा केअर सेंटर’ असे फलक दिसतात. ट्रॉमा म्हणजे मूळ ग्रीक भाषेत जखम. वैद्यकात आज तो शब्द हाड मोडण्यालाही लागतो आणि मन मोडण्यालाही. फलकाआडच्या व्यवस्थेत मात्र त्याचा अर्धाच अर्थ शिरला आहे. एकाच घटनेत एकाच माणसाला झालेल्या या दोन्ही इजा एकाच टेबलावर तपासल्या जाव्यात, एकाच कागदावर लिहिल्या जाव्यात, हे या लेखाचं म्हणणं आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. जे लागतं, ते पुढे येईल.

मनाची इजा खरी की सोंग, या वादाचा उगम आधी पाहू, कारण तो डॉक्टरांपेक्षा पैशाशी जास्त जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे पसरली, अपघात होऊ लागले. डब्यातून धडधाकट बाहेर पडलेली माणसं काही दिवसांनी झोप उडाल्याची, थरथर सुटल्याची, कामात लक्ष लागत नसल्याची तक्रार घेऊन येत. जॉन एरिक्सन या शल्यविशारदानं १८६६ साली यावर पुस्तक लिहिलं. कण्याला हादरा बसून आत इजा झालेली असते, असं त्याचं मत होतं. भरपाई द्यावी लागणाऱ्या रेल्वे कंपन्यांना हे सोंग वाटत होतं. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स यानं खंदकातल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेवर लिहिताना ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा हादरा, हा शब्द छापला आणि सैन्यात तोच वाद पुन्हा पेटला: हा आजार की भ्याडपणा? आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे ज्याला आज सगळे पीटीएसडी म्हणतात, तो अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला १९८० साली. रेल्वेपासून तिथवर एकशे चौदा वर्षं गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर अडलं ते एकाच ठिकाणी. दिसत नाही ती जखम मानली, तर तिचे पैसे कुणी द्यायचे?

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्वतःशीच विसंगत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २ मध्ये ‘इजा’ या शब्दाची व्याख्या आहे: एखाद्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदा पोचवलेली हानी. मन तिथे शरीराच्या शेजारी बसलं आहे, आणि ही व्याख्या १८६० च्या दंड संहितेतूनच आली आहे. पुढे कलम ११६ मध्ये ‘जबर दुखापती’चे आठ प्रकार दिले आहेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वगैरे. त्यात मन कुठेच नाही. भांडणात एक दात पडला तर ती जबर दुखापत. त्याच भांडणात जिच्या डोळ्यांदेखत नवऱ्यावर कोयत्याचे वार झाले आणि जी पुढे वर्षभर रात्री लाइट मालवू देत नाही, तिच्या नावाचा वैद्यकीय कागदच तयार होत नाही. पोलीस प्रकरणात डॉक्टर देतात त्या इंजुरी सर्टिफिकेटमध्ये जखमेचा प्रकार, लांबी, खोली, कशानं झाली, किती जुनी, साधी की गंभीर, असे रकाने असतात. डॉक्टर मनाबद्दल लिहीत नाहीत, कारण ते कुणी विचारलेलंच नाही.

शासकीय मदतीचंही तसंच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी २ लाख, एक डोळा आणि एक अवयव गेला तरी २ लाख, आणि एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर १ लाख. योजना चांगली आहे, शेतकऱ्याच्या घराला तिचा आधार होतो. पण हिशेब अवयवांचा आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीत कुणाचा हात जातो, तेव्हा प्रत्यक्षात काय होतं? रात्री उशिरापर्यंत काम चालू असतं, अंगात थकवा असतो, सैल बाही किंवा गळ्यातलं उपरणं काडासोबत आत ओढलं जातं आणि यंत्र थांबेपर्यंत कोपर गेलेलं असतं. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, तो थेट बर्फात ठेवायचा नाही, हे ठाऊक नसतं. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला थंडाव्याशिवाय साधारण सहाच तासांची मुदत असते आणि ती वाटेतच संपते. हे सगळं झाल्यावर टाके निघतात, प्रमाणपत्र मिळतं, पैसे खात्यात येतात. पुढच्या हंगामात शेजारच्या शिवारात मळणी यंत्र सुरू झालं की हा माणूस घामानं भिजतो, नसलेल्या हाताच्या बोटांत कळा येतात, तो शेत सोडून निघून जातो. घरचे म्हणतात, आता याचं कामात मन नाही. हात एक लाखाचा धरला होता. शेतातून पळवून लावणाऱ्या भीतीची किंमत कुणी केलीच नव्हती.

ही भीती म्हणजे मनाचा दुबळेपणा नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, सगळा ताबा घेतो आणि घटनेला तारीख-वार लावून मागे टाकणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कळीत होतं. त्यामुळे ती आठवण ‘झालेली गोष्ट’ म्हणून बसत नाही. वास, आवाज, उजेड यांच्या तुकड्यांत राहते आणि तुकडा समोर आला की आत्ता घडतंय अशी उसळते. त्यातून चार गोष्टी दिसतात. नको असताना आठवण आणि स्वप्नं येणं. ती जागा, ती माणसं, तो विषय टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल काळवंडलेले विचार, सुन्नपणा. आणि सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप न लागणं. पहिल्या महिन्यात यातलं बरंच कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवतं. महिना उलटूनही टिकलं आणि काम, नातं बिघडू लागलं, तर तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात केव्हा तरी असा जीवघेणा प्रसंग येतो, पण आघातोत्तर तणाव विकार होतो तो एकूण लोकसंख्येतल्या सुमारे ३.९ टक्क्यांना. म्हणजे प्रसंग आला की जखम झालीच, हेही खरं नाही. तपासूनच ठरवायचं असतं, जसं मुक्या माराचं ठरवतात.

लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत हल्ली मुलं कमी मार्कांनाही ‘ट्रॉमा’ म्हणतात. त्यांचं दुःख खरं असतं, शब्द चुकीचा असतो. सगळ्याच ठेचांना अस्थिभंग म्हटलं की प्लास्टर करणारा कुणाकडे आधी बघणार? ज्यांना खरी जखम आहे ती माणसं हा शब्द वापरतही नाहीत. ती ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड आहे’, ‘अंगात कणकण आहे’ म्हणून येतात आणि सलाइन लावून परत जातात.

मराठवाड्यात या विषयावर बोलताना किल्लारीचा भूकंप टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची टनावारी माती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या काळी ढिगाऱ्याखालून काढलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक होती. मांडीवर तासन्‌तास दगड राहिला असेल तर दगड उचलल्यावर माणूस जातो. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन दाब सुटताच रक्तात शिरतं; पहिलं हृदय थांबवतं, दुसरं मूत्रपिंड बंद पाडतं. म्हणून दगड हलवण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचं असतं, प्रौढ माणसाला तासाला साधारण एक लिटर.

मनाचंही असंच होतं, आणि आपत्तीनंतरच्या मदतीचं सगळं गणित इथेच चुकतं. पहिल्या दिवसांत माणूस प्रेतं ओळखतो, सरण रचतो, रांगेत उभा राहून पत्रे आणि धान्य घेतो. त्याच्यावर इतका दाब असतो की तो कोसळत नाही. तेरावं होतं, पाहुणे जातात, मदतीचे ट्रक बंद होतात. दाब सुटतो. विष रक्तात उतरतं ते तेव्हा, आणि तेव्हा आजूबाजूला कुणी नसतं. किल्लारी परिसरात कितीतरी कुटुंबं नंतरही पक्क्या छपराखाली झोपायला तयार नव्हती. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली, आणि ते काम खरोखर मोठं होतं. पण आखीव रस्त्यांच्या त्या गावांत जुनी गल्ली, समोरचा ओटा, ज्याच्यासोबत रडता येईल तो शेजारी हे सगळं विस्कटलं. इंजिनिअरनं भिंतीत भूकंपरोधक पट्टा घातला. शेजार मोडल्याची नोंद कुठल्याच नकाशात झाली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. १९९३ पाहिलेल्या माणसाच्या अंगात अशा वेळी तीच पहाट जागी होते.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडमध्ये जमिनी खरडून गेल्या, गुरं दावणीला बांधलेलीच मेली. पंचनाम्यात हेक्टर आले, जनावरं आली, पडझड आली. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली माणसं आली नाहीत.

आता या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो शेतकरी चळवळीतली माणसं तळमळीनं घेतात. शेतकऱ्याला भाव द्या, पाणी द्या, कर्जातून सोडवा. त्याला समुपदेशकाकडे कशाला पाठवता? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. दुष्काळ, कर्ज, पडलेला भाव यांना आघात म्हणणं ढिसाळपणाचं आहे. वसुलीवाला अजून दारात उभा असेल तर त्याची भीती ही आठवण नव्हे, ती वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर गोळी नसते. पण रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे मांडीचं हाड मोडलं, तर खड्डा बुजवेपर्यंत हाड तसंच ठेवा असं कुणी म्हणत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर घरात जी बाई आणि जी लेकरं उरतात, ज्यांनी ते प्रेत सगळ्यांत आधी पाहिलेलं असतं, त्यांची जखम आघाताचीच आहे, कुठल्याही कसोटीवर. त्यांच्या वाट्याला काय येतं? शवविच्छेदन, जबाब, तलाठ्याचा पंचनामा, सातबारा कुणाच्या नावे, कर्ज कुठल्या बँकेचं, तगादा होता का. मग प्रकरण पात्र की अपात्र. पात्र ठरलं तर २००६ च्या निर्णयाप्रमाणे एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. प्रत्येक टेबलावर तीच हकिगत पुन्हा सांगावी लागते. जखमेचं ड्रेसिंग प्रत्येक कार्यालयात सोडून बघितलं तर ती भरेल का? आणि ‘अपात्र’ हा शब्द मेलेल्या नवऱ्याबद्दल शिक्क्यानिशी ऐकणं हा वेगळाच घाव आहे. हकिगत एकदाच, एका माणसानं, नीट बसवून लिहून घ्यावी आणि तीच सगळ्या कार्यालयांत चालावी, एवढा बदल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पातळीवर व्हायला हवा.

दवाखान्यातही चुका होतात, बहुतेक चांगल्या हेतूनं. सगळ्यांत सर्रास चूक झोपेच्या गोळीची. पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी डायझेपामसारख्या बेन्झोडायझेपाइन गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. त्यानं जखम भरत नाही, सवय मात्र लागते. दुसरी चूक बोलतं करण्याची. घटनेनंतर लगेच सगळं खोदून सांगायला लावलं की मन मोकळं होतं, हा समज चुकीचा ठरला आहे. पहिल्या दिवसांत करायचं ते फार साधं आहे: पाहा, ऐका, जोडा. सुरक्षित आहे का, खाल्लं-प्यालं का, हे पाहायचं. बोलला तर ऐकायचं, उकरायचं नाही. आणि नातलग, फोन, कागदपत्र, मुक्कामाची जागा यांच्याशी त्याला जोडून द्यायचं. कॅमेरा घेऊन ‘तुम्हाला त्या वेळी काय वाटलं’ विचारणारे याच्या नेमकं उलटं करतात.

तिसरी चूक थोडी अवघड आहे. दुचाकीवरून विनाहेल्मेट पडलेल्या तरुणाचं सीटी स्कॅन नॉर्मल येतं, शुद्धीचा गुणांक १५ पैकी १५ असतो, त्याला घरी सोडतात. महिन्याभरानं तो चिडका झालेला असतो, विसरतो, झोपत नाही. हे डोक्याला बसलेल्या सौम्य हादऱ्यामुळेही होतं, कारण तो स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही, आणि मनाच्या आघातामुळेही होतं. दोन्ही एकत्रही असतात. आवाज-उजेडाचा त्रास, चक्कर, डोकेदुखी असेल तर हादऱ्याकडे कल. अपघाताची स्वप्नं, तो रस्ता टाळणं असेल तर आघाताकडे. शरीराचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच केसपेपरवर का असायला हवेत, याचं हे सगळ्यांत ठळक उदाहरण आहे. घरचे बिचारे तोवर ‘बाहेरचं लागलं’ म्हणून वाऱ्या करून थकलेले असतात. त्यांना हसू नये. ज्याचं नाव कुणी सांगितलं नाही, त्याला त्यांनी आपल्याजवळ असलेलं नाव दिलं.

मग करायचं काय? प्लास्टर कापायला किंवा तपासणीला माणूस चार ते सहा आठवड्यांनी येतोच. टाक्यांच्या वेळी विचारणं फार लवकर होतं. महिना उलटलेला असतो ती हीच वेळ. तेव्हा परिचारिकेनं पाच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना आठवण उसळली का? ती येऊ नये म्हणून रस्ता, शेत, माणसं टाळता का? सारखं सावध असता, जरा आवाज झाला की दचकता का? माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं, सुन्न वाटतं का? जे झालं त्याचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देणं थांबत नाही, असं होतं का? अशी पाच प्रश्नांची चाळणी इतर देशांत प्राथमिक दवाखान्यांतून वापरली जाते. तीन ‘हो’ आले की पुढे पाठवायचं. तीन ‘हो’ म्हणजे निदान नव्हे, पोट कडक लागलं म्हणून सोनोग्राफीला पाठवण्यासारखं आहे ते. दोन मिनिटांचं काम. केसपेपरवर एक ओळ वाढेल.

पुढे पाठवायचं कुठे, हा खरा अडसर. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. पण आघाताच्या बहुतेक रुग्णांना खाटेची गरजही नसते. आघातावर नेम धरून केलेले मानसोपचार साधारण ८ ते १२ बैठकांचे असतात, आणि ते देणारी माणसं छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांतून प्रशिक्षित होऊन जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचू शकतात. २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, त्यात आशाताई घरोघर विचारपूस करतात. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही. साधनं आहेत. अपघात विभागातून तिथवर जाणारी चिठ्ठी नाही.

आणि वेळापत्रक आपल्या भागाचं असावं लागेल. पाटोदा, शिरूर, धारूर, केजकडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. नोव्हेंबरात सुरू केलेल्या बारा बैठकांतली तिसरी कधीच होत नाही. त्याचे उपचार जून ते सप्टेंबरात बसवावेत, हंगामात फोनवर चालू ठेवावेत, आणि मुकादमाकडची उचल अंगावर असलेल्या माणसाला दर आठवड्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी परवडत नाही हे धरून प्रवासखर्च द्यावा. रस्ते अपघातात १.५ लाखांपर्यंतचे, सात दिवसांचे कॅशलेस उपचार २०२५ पासून केंद्राच्या योजनेत आहेत. सात दिवसांत मनाची जखम दिसतच नाही, ती तिसाव्या दिवशी दिसते. म्हणून त्याच प्रकरण क्रमांकावर तिसाव्या दिवसाची एक तपासणी आणि पुढच्या बैठका जोडता याव्यात. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ मध्ये लिहिलेलंच आहे.

सोंगाची भीती राहील, १८६६ मध्येही होती. कंबरदुखीचंही सोंग करता येतं, म्हणून अस्थिरोग विभाग कुणी बंद केला नाही. तपासणी कडक केली. इंजुरी सर्टिफिकेटच्या छापील नमुन्यात साधी की गंभीर या रकान्याखाली आणखी एक ओळ बसते एवढी जागा असते. ‘तीस दिवसांनी मानसिक तपासणी आवश्यक: होय / नाही.’ आरोग्य विभागानं एक परिपत्रक काढलं, तर ही ओळ पुढच्या छपाईपासून सुरू होऊ शकते.